‘उद्या येतो’ म्हणणारे गिऱ्हाईक

वापरलेल्या वस्तू मोबाइलवरून विकताना आलेले अनुभव कळवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. बहुतेक पत्रांत तक्रार वस्तूबद्दल नसून गिऱ्हाइकाबद्दल होती. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. लेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत आणि मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : यजमानांची बदली झाल्यामुळे घरातील तीन फुटी लोखंडी कूलर विकण्याची जाहिरात मी एका ॲपवर आणि तालुक्याच्या खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. आठ दिवसांत बावीस फोन आले. पाच जणांनी ‘कोनाले देऊ नोका, मी उद्या येतो’ असे सांगितले. त्यांतील एका गृहस्थांसाठी यजमानांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली, परंतु ते आले नाहीत आणि पुढे त्यांनी फोनही उचलला नाही. त्याच दिवशी शेजारच्या गावच्या एक बाई साडेचार हजार रुपये रोख घेऊन आल्या होत्या. ‘शब्द दिला आहे’ म्हणून मी त्यांना परत पाठवले. मी शब्द मोडायला हवा होता का? — एक वाचक भगिनी, आर्वी तालुका, जिल्हा वर्धा

उत्तर : ताई, तुम्ही त्यांना शब्द दिला, पण त्यांनी तुम्हाला काय दिले? ‘उद्या येतो’ हा आपल्याकडे बहुतेक वेळा निरोप घेण्याचा एक प्रकार असतो, सौदा नसतो. आठवडी बाजारात एखाद्याने मेथीच्या जुडीचा भाव विचारला आणि ‘फिरून येतो’ म्हणून तो पुढे गेला, तर विकणारी बाई ती जुडी पदराखाली झाकून ठेवत नाही. फोनवर मात्र आपण नेमके तेच करतो, कारण समोरचा माणूस दिसत नाही आणि त्याचा आवाज मात्र अगदी घरचा वाटतो.

बैलबाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना रुमालाखाली हात घालून बोटांनी ठरणारा भाव ठाऊक असेल. भाव ठरला तरी तेवढ्याने जोडी कोणी राखून ठेवत नाही, हातावर इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, पडला की मगच दुसऱ्या गिऱ्हाइकाला नकार दिला जातो. इसाराची रक्कम मोठी नसते, परंतु ती देणाऱ्याला सौदा मोडण्याची काहीतरी किंमत मोजावी लागते आणि घेणाऱ्याला वाट पाहण्याचे कारण मिळते. शिवाय बाजारात आलेला माणूस तिकीट काढून, आपला दिवस खर्चून आलेला असतो. फोनवरच्या माणसाचे काहीच खर्च झालेले नसते. कूलर ‘माझ्यासाठी ठेवा’ असे म्हणायला त्याला पैसा पडत नाही आणि न यायलाही पडत नाही. ही उणीव तुम्ही इसार मागूनच भरून काढू शकता.

म्हणून यापुढे इतकेच सांगावे : ‘पाहायला केव्हाही या, मात्र जो आधी येऊन पैसे देईल त्याला वस्तू जाईल. राखून ठेवायची असेल, तर पाचशे रुपये इसार पाठवा, दोन दिवस ठेवते.’ हे ऐकून पाचातले चार जण गप्प होतील. ते गेले याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण ते येणारच नव्हते. इसार घेतला की मात्र तुमचाही शब्द बांधला गेला. त्या दोन दिवसांत कोणी हजार रुपये जास्त देऊ लागला, तरी वस्तू देऊ नये आणि तुमच्या बाजूने सौदा मोडला तर इसार त्याच दिवशी परत करावा. मुदतीत तो आला नाही, तर इसार बुडेल, हे आधीच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे. ऐन वेळी तोंडी सांगितलेली अट भांडणाला कारण होते. इसाराची रक्कमही वस्तूच्या मानाने माफक असावी. साडेपाच हजारांच्या कूलरवर तीन हजार इसार घेऊन तो दाबून ठेवणे कायद्यालाही मान्य होणार नाही आणि गावालाही.

जाहिरातीचाही येथे विचार केला पाहिजे. तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीत ‘कूलर विकणे आहे, चांगल्या स्थितीत, किंमत फोनवर’ एवढेच आहे. ‘किंमत फोनवर’ असे लिहिले की सगळे रिकामटेकडे फोन आपल्याकडे वळवले, असे समजावे. त्याऐवजी मी असे लिहिले असते : ‘तीन फुटी लोखंडी कूलर, दोन उन्हाळे वापरलेला. पाण्याचा पंप मागच्या वर्षी बदलला आहे, गवत बदलावे लागेल. खालच्या पत्र्याला एका कोपऱ्यात गंज आहे, पाणी गळत नाही. किंमत ५,५०० रुपये. चालवून पाहावा व स्वतःच्या वाहनाने न्यावा.’ गंजलेल्या कोपऱ्याचा एक फोटो जवळून काढून टाकावा. दोष आधीच दाखवला, म्हणजे दारात येऊन ‘हा तर गंजला आहे’ म्हणत हजार रुपये तोडणाऱ्याचे हत्यार बोथट होते.

फोन आल्यावर पहिल्या मिनिटातच माणसाची जात ओळखता येते, आणि येथे मी जात हा शब्द गिऱ्हाइकाच्या प्रकाराबद्दलच वापरतो आहे. ज्याचा पहिलाच प्रश्न ‘शेवटचे किती?’ असा असतो, तो बहुधा भाव विचारण्यासाठीच भाव विचारत असतो. ज्याला खरोखर घ्यायचे असते, तो ‘आवाज किती करतो’, ‘आत्ता कुठे ठेवला आहे’, ‘छोटा हत्ती दारापर्यंत येतो का’ असे विचारतो, कारण त्याच्या मनात तो कूलर आपल्या घरी पोहोचलेला असतो आणि नेण्याची अडचण त्याला आत्ताच दिसते आहे. तिसरा मात्र काहीच विचारत नाही. ‘मला पसंत आहे, किंमत मान्य आहे, पैसे कुठे पाठवू?’ असे न पाहताच तो म्हणतो. आपल्याकडे वांग्याचा भाव केल्याशिवाय कोणी वांगी घेत नाही. साडेपाच हजारांच्या जुन्या वस्तूचा भाव न करणारा माणूस देवमाणूस नसून दुसऱ्याच कामासाठी आलेला असतो. त्याची हकिगत पुढच्या पत्रात आहे.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की साडेचार हजार घेऊन आलेल्या बाईंना कूलर दिला असता, तर तुमच्याकडून कोणताही शब्द मोडला गेला नसता. त्यांचा नंबर असेल, तर आजच फोन करावा. उन्हाळा सरला की कूलरला गिऱ्हाईक मिळत नाही.

प्रश्न : हरभऱ्यासाठी घेतलेला तुषार संच, म्हणजे तीस पाइप व नोझल, विकण्यासाठी मी जाहिरात दिली. एका व्यक्तीचा फोन आला. तो सैन्यात नोकरीला असून गावाकडच्या भावासाठी संच हवा आहे, असे त्याने सांगितले, ओळखपत्राचा फोटो पाठवला आणि १४,००० रुपये किंमत एका शब्दात मान्य केली. नंतर त्याने क्यूआर कोड पाठवून ‘हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ असे सांगितले. मी तसे केले आणि माझ्याच खात्यातून १४,००० गेले. ‘चुकून झाले, पुन्हा एकदा करा, दोन्ही रकमा परत येतील’ असे तो म्हणाला, त्यात आणखी १४,००० गेले. लाजेपोटी दोन दिवस घरी सांगितले नाही. आता काही होऊ शकते का? — एक शेतकरी, दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ

उत्तर : या सदरातील उत्तराची वाट पाहण्यात वेळ जाऊ नये, म्हणून पत्र वाचताच तुम्हाला त्याच दिवशी फोनवरून कळवले होते. इतर वाचकांसाठी ते येथे सविस्तर देत आहे.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. सायबर आर्थिक फसवणुकीची तक्रार नोंदवण्याची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तेथे तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळवले जाते आणि रक्कम तेथे शिल्लक असेल, तर ती अडवून ठेवता येते. ठग ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवून एटीएममधून काढून घेतात, त्यामुळे येथे दिवसांचा नव्हे, तर मिनिटांचा हिशेब असतो. फोन करताना व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा यूपीआय पत्ता हाताशी असावा. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, आणि आपल्या बँकेलाही लेखी कळवून पोच घ्यावी. ‘हे आमच्या हद्दीतले नाही’ असे ठाण्यात सांगितले गेले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडलेला असला, तरी माहिती नोंदवून घेतली जाते, हे नम्रपणे निदर्शनास आणावे.

बँक पैसे भरून देईल का, असेही तुम्ही विचारले आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाचा दोष नसलेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर ग्राहकावर भार पडत नाही. येथे मात्र पिन तुम्ही स्वतः टाकला आहे, त्यामुळे बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचेच धरले जाण्याची शक्यता मोठी आहे. हे कटू आहे, पण खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. दोन दिवसांच्या लाजेने तुमचे किती नुकसान केले, हे सांगता येत नाही. फसवणारा माणूस त्या लाजेवरच अवलंबून असतो, एवढे मात्र खरे.

आता हे मुळात घडते कसे, ते पाहू. यूपीआयमध्ये पिन ही तुमच्या खात्यातून पैसे बाहेर काढण्याची सही आहे. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कोणती लिंक उघडावी लागत नाही आणि ‘मान्य’ असे बटणही दाबावे लागत नाही. पैसे येत असतील, तर ते तुमचा फोन कोनाड्यात बंद पडलेला असतानाही येतात. किराणा दुकानात कोड कोणाचा असतो आणि स्कॅन कोण करतो, एवढे आठवले तरी पुरे : कोड पैसे घेणाऱ्याचा असतो आणि स्कॅन पैसे देणारा करतो. विकणारे तुम्ही असताना स्कॅनही तुम्हीच करत असाल, तर व्यवहार उलटा चालला आहे. पूर्वी हेच ठग पैसे मागणारी ‘कलेक्ट’ विनंती पाठवत असत. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, परंतु क्यूआर कोडचा मार्ग मोकळाच राहिला आहे.

सैनिकाचे सोंग हा या धंद्यातला जुना प्रकार आहे. आपल्या गावागावांतली मुले सैन्यात आहेत, त्यामुळे त्या नावाने विश्वास चटकन बसतो, आणि ‘ड्युटीवर असल्यामुळे स्वतः येऊ शकत नाही, माणूस पाठवतो’ ही सबबही आपसूक मिळते. ओळखपत्राचा फोटो कोणाचाही कोणालाही पाठवता येतो, तो ओळखीचा पुरावा नव्हे. आणखी एक युक्ती अशी की ‘इसार पाचशे पाठवायचा होता, चुकून पाच हजार गेले, साडेचार हजार परत पाठवा’ असा फोन येतो आणि सोबत बँकेच्या संदेशासारखा दिसणारा एसएमएस येतो. तो संदेश दहा अंकी साध्या मोबाइल नंबरवरून आलेला असेल, तर तो बँकेचा नाही. संदेशावर किंवा समोरच्याने दाखवलेल्या हिरव्या खुणेच्या पडद्यावर विश्वास न ठेवता आपण स्वतः आपले ॲप उघडून खात्यातील शिल्लक पाहावी. आपल्याकडे शेतात रेंज नसते, हे मी जाणतो. अशा वेळी ‘रेंज मिळेल तिथपर्यंत चला, तिथे पैसे पाहू आणि मग पाइप भरू’ असे सांगण्यात कोणताही अपमान नाही.

प्रश्न : पाच एचपीची पाण्याची मोटार ९,००० रुपयांना विकली. घेणारा स्वतः आला, मोटार चालवून पाहिली आणि त्याने समोरच यूपीआयने पैसे दिले. ते खात्यात जमा झाल्याचे मी स्वतः पाहिले. वीस दिवसांनी बँकेने खात्यातील रक्कम रोखून धरली. दुसऱ्या राज्यातील सायबर पोलिसांकडे तक्रार आहे, एवढेच शाखेतून सांगितले जाते. माझा काय दोष? — एक वाचक, मोर्शी तालुका, जिल्हा अमरावती

उत्तर : तुमचा दोष नसावा, परंतु तो नाही हे दाखवण्याचे काम मात्र तुमच्यावर आले आहे. आधीच्या पत्रातील शेतकऱ्याने तक्रार केल्यावर त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले ती खाती अडवली जातात, असे वर सांगितले. त्या साखळीतले एखादे खाते तुमच्यासारख्या खऱ्या विक्रेत्याचे असू शकते. लुबाडलेल्या पैशांतून ठगाने किंवा त्याच्या माणसाने मोटार खरेदी केली असेल, तर तक्रारदाराच्या पैशांचा माग तुमच्या दारापर्यंत येतो.

शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव आणि वादातील नेमकी रक्कम मागावी. संपूर्ण खाते न रोखता केवळ वादातील रक्कम रोखावी, अशी विनंतीही त्याच अर्जात करावी, म्हणजे सोयाबीनचे किंवा कापसाचे पैसे अडकणार नाहीत. त्यानंतर त्या ठाण्याला ईमेलने आणि रजिस्टर टपालाने खुलासा पाठवावा. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरील संभाषण, मोटारीचे जुने बिल असल्यास ते आणि विक्रीची पावती जोडावी. बँकेने तीस दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ‘दोन हजार द्या, खाते मोकळे करून देतो’ असा फोन या काळात हमखास येतो. तो पोलिसांचा नसतो.

पावती केलेली नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. नऊ हजारांच्या व्यवहाराला पावती कसली, असे आपल्याला वाटते. परंतु वहीच्या अर्ध्या पानावर तारीख, वस्तू, मोटारीवरील पट्टीवरचा क्रमांक, रक्कम, घेणाऱ्याचे नाव व गाव आणि दोघांच्या सह्या एवढे लिहायला पाच मिनिटे लागतात. त्या पानाचा आणि मोटार गाडीत चढवतानाचा एक फोटो काढून ठेवला असता, तर आज तुमचे काम निम्म्याने हलके झाले असते. दुसरे असे की पैसे येताना पाठवणाऱ्याचे बँकेतील नाव ॲपमध्ये दिसते. समोर उभा असलेला माणूस एक नाव सांगतो आणि पैसे तिसऱ्याच नावाने आले, तर ‘हे कोण?’ असे विचारावे. मेहुण्याच्या फोनवरून दिले असतील, तर तेही पावतीत लिहावे. उत्तर देताना तो चाचपडू लागला, तर पैसे आले त्याच खात्यात परत पाठवून मोटार घरीच ठेवावी.

प्रश्न : मुलाची जुनी मोटारसायकल ३२,००० रुपयांना विकली. घेणाऱ्याने २५,००० दिले, ‘उरलेले सात हजार नावावर करताना देतो’ म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. सहा महिने झाले. पैसे नाहीत, गाडी अजून मुलाच्याच नावावर आहे आणि आता मुलाच्या मोबाइलवर चलानाचे संदेश येतात. — एक पालक, पुसद तालुका, जिल्हा यवतमाळ

उत्तर : तुम्ही सात हजारांची काळजी करत आहात. मला चलानाचीही तेवढी काळजी वाटत नाही. त्या गाडीखाली उद्या कोणी सापडले तर काय, ही खरी काळजी आहे. मोटार वाहन कायद्यात नोंदणी पुस्तिकेवर ज्याचे नाव तोच मालक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच स्पष्ट केले. तेथे गाडी एका हातातून दुसऱ्या, तिसऱ्या हातात गेली होती, परंतु नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती आणि अपघाताच्या भरपाईचा भार त्याच्यावरच आला. ‘मी तर गाडी केव्हाच विकली’ हे म्हणणे तेथे उपयोगी पडले नाही.

त्याच कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आरटीओला हस्तांतर कळवायचे असते, तर घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत. नमुना २९ हा कळवण्याचा आणि नमुना ३० हा नाव बदलण्याचा अर्ज आहे. गाडीवर कर्ज असेल, तर आधी नमुना ३५ वर कर्जदात्याची सही घेऊन बोजा उतरवावा लागतो. आपल्याकडे पद्धत अशी की विकणारा कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देतो आणि ‘तुम्ही करून घ्या’ म्हणून मोकळा होतो. मग ते कागद डिकीत पावसात भिजतात आणि गाडी आणखी दोन हात पुढे जाते. मुलाने असे कोरे कागद दिले असतील, तर त्यांवर आता अवलंबून राहू नये.

यवतमाळच्या आरटीओ कार्यालयात मुलाने स्वतः जाऊन विक्रीची तारीख, घेणाऱ्याचे नाव-पत्ता आणि २५,००० मिळाल्याचा पुरावा जोडून लेखी कळवावे व पोच घ्यावी. चौदा दिवस उलटून गेले असले, तरी मुळीच न कळवण्यापेक्षा उशिरा कळवलेले बरे. घेणाऱ्याला रजिस्टर टपालाने पत्र पाठवून पंधरा दिवसांत उरलेली रक्कम देऊन नाव बदलण्यास सांगावे. तो दाद देत नसेल, तर त्या पत्राच्या प्रतीसह पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा, म्हणजे गाडी कोणत्या तारखेपासून कोणाच्या ताब्यात आहे, याची सरकारी नोंद राहील. तेवढ्याने जबाबदारी पूर्णपणे टळत नाही, पण बाजू उघडी राहत नाही. विम्याची मुदत संपली आहे का, हेही पाहावे आणि संपली असेल, तर सात हजार विसरून आधी नावाचे काम उरकून घ्यावे. माझे मत विचाराल, तर दुचाकी असो की ट्रॅक्टर, पूर्ण पैसे आणि नमुन्यांवर घेणाऱ्याची सही एकाच दिवशी, आरटीओच्या आवारात झाल्याशिवाय चावी हातात देऊ नये. ट्रॅक्टर किंवा अवजार अनुदानावर घेतलेले असेल, तर विकण्यापूर्वी मंजुरीच्या कागदातील अटीही वाचाव्यात.

प्रश्न : मी एमएच्या प्रथम वर्षाला आहे. जुना मोबाइल आणि अभ्यासाचे टेबल विकायचे आहे. फोन करणारे ‘घराचे लोकेशन पाठव’ म्हणतात. दुपारी घरी मी आणि आजीच असतो. शिवाय मैत्रिणीने विकलेली पाण्याची मोटार आठ दिवसांनी ‘जळाली’ म्हणून घेणारा परत घेऊन आला आणि पैसे मागू लागला. असे झाले तर काय करावे? — एक विद्यार्थिनी, चिखली तालुका, जिल्हा बुलढाणा

उत्तर : घराचे लोकेशन पाठवण्याची काही गरज नाही. मोबाइल बसस्थानकावर किंवा ओळखीच्या दुकानात, सोबत कोणालातरी घेऊन दाखवता येतो. टेबल बाहेर नेता येणार नाही, तर बाबा किंवा काका घरी असतील त्या वेळी, ते ओसरीत आणून ठेवून दाखवावे. पाहायला आलेल्या माणसाला घरभर फिरवण्याचे कारण नाही. जाहिरातीतील फोटोत मागचे कपाट आणि देवघर दिसणार नाही, हेही पाहावे.

मोबाइल देण्यापूर्वी सिम व मेमरी कार्ड काढावे, यूपीआयची ॲप बंद करावीत आणि गुगलचे खाते त्यातून काढून मगच फोन पूर्ण कोरा करावा. खाते न काढता कोरा केला, तर सुरू करताना तो तुझेच खाते आणि पासवर्ड मागू शकतो आणि मग घेणारा दुसऱ्या दिवशी दारात येतो. *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांक पावतीवर लिहून ठेवावा.

मैत्रिणीच्या मोटारीबद्दल म्हणशील, तर दुकानदार नसलेल्या माणसाने जुनी वस्तू पाहून-चालवून विकली असेल आणि दोष लपवलेला नसेल, तर ती पुढे किती दिवस चालेल याची हमी कायदा सहसा त्याच्यावर टाकत नाही. मोटार आधीच एकदा जळालेली असून ती नवी म्हणून दिली असेल, तर मात्र ती फसवणूक ठरते. मैत्रिणीने आधी मोटार कोणाच्या विहिरीवर आणि कशी चालवली, हे विचारावे. आमच्याकडे असे एकदा घडले होते. मेकॅनिकने मोटार उघडल्यावर कळले की घेणाऱ्याने ती तीनऐवजी दोनच फेजवर चालवली होती. रिवाइंडिंगचा निम्मा खर्च आम्ही दिला, कारण तो आमच्याच शिवारातला होता आणि त्याचा हरभरा वाळत होता. अनोळखी माणूस असता, तर दिला नसता. तू विकशील तेव्हा पावतीवर ‘चालवून पाहिली, पसंत पडली, आहे त्या स्थितीत घेतली’ ही ओळ त्याच्याच अक्षरात लिहून घ्यावी.